ताईने धुतलेले कपडे

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, विद्यापीठाच्या मधमाशी विभागात प्रात्यक्षिकं घेतात. रविवारी तिथलं फाटक सगळ्यांसाठी उघडं असतं. शाळेची मुलं येतात, पेन्शनर येतात, मध फुकट मिळेल या आशेने आलेलेही असतात. भाऊजी सगळ्यांना तेच सांगत, "ती उगाच डंख मारत नाही हो. तुम्ही शांत, तर ती शांत." पेटीच्या दारातली माश्यांची ये-जा नुसती पाहून आत काय बिघडलंय ते ओळखणारा हा माणूस.

त्यांचे कामाचे पांढरे कपडे ताई वीस वर्षं हाताने धुवायची. तिच्या हातांवर कायम पुरळ. आम्ही म्हणायचो, बाईसाहेब नाजूक आहेत.

मागच्या वर्षी गच्चीवर तेच कपडे वाळत घालताना तिला एकच माशी चावली. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास घेता येईना, ती तिथेच कोसळली. मी सोबत होते म्हणून वाचली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात मधमाश्यांचं काम कोण करतं? त्यांचे कपडे कोण धुतं?" डंखाचं विष कपड्यांवर वाळतं आणि धुणाऱ्यालाही बाधू शकतं, असं ते म्हणाले. पुढचा डंख जिवावर बेतू शकतो, असंही. भाऊजी मान खाली घालून बसले होते. मला त्यांचा इतका राग आला होता, की मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

ताई घरी आली त्याच दिवशी त्यांनी परीक्षा विभागात बदलीचा अर्ज लिहिला. मला वाटलं, सुटलो एकदाचे. अर्ज वाचून ताई मात्र भडकली. "कपडे माझ्यापुढे टाकताना विचारलं नाहीत. आता काम सोडतानाही विचारायचं नाही?"

भाऊजींनी अर्जाची घडी घातली. म्हणाले, "मग तू सांग. काय करू?"

 असं कुणी विचारण्याची ताईला सवयच नव्हती. ती म्हणाली, "शिकवा. कपडे तिकडेच धुवा, अंघोळ करून घरी या. आणि लोकांना माझं सांगा. सगळं."

परवाच्या रविवारी मी पहिल्यांदा तिथे गेले. पेटी उघडण्याआधी भाऊजी म्हणाले, "बायको मला हातांवरचं पुरळ दाखवायची. मी म्हणायचो, साबण बदल. तिने तीन साबण बदलले."

लोक हसले. हसू थांबेपर्यंत भाऊजी तसेच उभे राहिले. मग त्यांनी पुढचं सांगितलं.