छत्र्यांच्या स्वच्छ पायऱ्या

भाऊजी गेल्यानंतर माझ्या जाऊबाई घराबाहेर पडायच्या त्या एकाच जागेसाठी. राजवाड्याजवळच्या नदीकाठच्या छत्र्या. राजघराण्यातल्या माणसांची ती दगडी स्मारकं, पण आम्हा इंदूरकरांना ती संध्याकाळी टेकायची जागा. मी जाऊबाईंना वहिनी म्हणते. भाऊजी होते तोवर वहिनी त्यांच्याबरोबर तिथे जायच्या, नंतर माझ्याबरोबर. स्नेहलतागंजातून रिक्षा करायची, पायरीवर बसायचं आणि जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे खात येणारी-जाणारी माणसं बघायची. घरात दिवसभर गप्प असलेली बाई तिथे बोलायला लागायची. म्हणून गुडघे कितीही दुखले तरी मी नाही म्हणत नसे.

त्या पायऱ्यांवर पन्न्यांचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या-वेष्टनांचा, नुसता खच असायचा. शहराला स्वच्छतेचं बक्षीस मिळालं की आम्ही पेढे वाटणार आणि पेढ्यांच्या खोक्यावरची पन्नी तिथेच टाकणार, असला आमचा अभिमान! एकदा वहिनी उठल्या तर चटणीने माखलेली प्लॅस्टिकची प्लेट त्यांच्या साडीला चिकटून आली. त्या तशाच तडक पोहेवाल्याकडे गेल्या.

“भिया, कल से पोहे हमारी प्लेट में देना.”

“धोएगा कौन, अम्मा?”

“हम धोएंगे. और कौन?”

या ‘हम’मध्ये मी आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं.

आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी माळ्यावरून स्टीलच्या ताटल्या काढल्या. कुणाच्या मुंजीत मिळालेल्या, कुणाच्या डोहाळजेवणात, पाठीमागे नावं कोरलेल्या. कुणाच्या नणंदेच्या नावावर पोहे जायचे, कुणाच्या आत्याबाईंच्या नावावर कचोरी. एक बाई तर सासूच्या नावाची ताटली फार मन लावून घासायची. कॉलेजची पोरं आधी हसली, मग ताटल्या स्वतःहून आणून द्यायला लागली. आम्ही पोती घेऊन पन्न्या वेचल्या, कठड्यांच्या फटींतून रिकामे पाऊच काढले. हळूहळू पायऱ्यांचा दगड दिसायला लागला. वहिनींच्या आवाजात पुन्हा धार आली. “ओ भैयाजी, पन्नी उठाओ अपनी!” अशी हाक त्या मारायच्या की माणूस निमूट मागे फिरायचा. त्यांना असं बघून मला किती बरं वाटायचं!

जागा नीट झाली, तशी लोकांच्या मोबाईलमध्येही गेली. मग दूरदूरची मंडळी फोटो काढायला येऊ लागली. कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्नाआधीचं शूटिंग. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, केकचे डबे. आमच्या ताटल्या त्यापुढे किती पुरणार? आम्ही साठीच्या बायका, वेचून वेचून कंबरडं मोडलं.

शेवटी आमच्या घरी सगळे जमलो. बायकांबरोबर त्यांचे नवरेही आले होते. त्यांतले एक निवृत्त इंजिनियर म्हणाले, “महापालिकेला छत्रीवर खाण्यालाच बंदी करायला सांगू या ना. खाणंच नाही, तर पन्नी कुठून येणार? सीधी बात आहे.” बात इतकी सीधी होती की सगळ्यांचे हात वर झाले. वहिनींचा सर्वांत आधी.

आपण नेमकं काय मागतोय, हे त्या दिवशी एकानेही विचारलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. कुणीतरी अडवायला हवं होतं. आमच्यात बोलक्या माणसांची कमी नव्हती.

बंदी आली, आम्ही खूश झालो. मग जो बसतो तो खातो, म्हणून बसायलाही बंदी आली. रेलिंग लागलं, शिट्टीवाला गार्ड आला. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. नेहमीसारख्या गेलो, वहिनी पायरीवर टेकल्या आणि शिट्टी वाजली.

“अम्माजी, बैठना मना है. देख के निकल जाइए.”

“अरे, ये हमने साफ किया है,” वहिनी म्हणाल्या.

“इसीलिए तो, अम्माजी.”

बिचारा अगदी अदबीने बोलला. वहिनी माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. रिक्षात म्हणाल्या, “किती साफ झाल्यात ना गं पायऱ्या? एकदम चकाचक.” मी हो म्हटलं.

त्यानंतर वहिनी बाहेर पडल्या नाहीत. बागेत चला म्हटलं, बडा गणपतीला चला म्हटलं. “तू जाऊन ये,” एवढंच उत्तर. एका रविवारी मी मोबाईलवरून पोहे मागवले. प्लॅस्टिकच्या डब्यात पोहे, शेवेची वेगळी पन्नी, कांद्याची वेगळी, चमचाही पन्नीत. मला वाटलं, आता वहिनी भडकणार, डिलिव्हरीवाल्याला दारातूनच परत पाठवणार. मी खरं तर त्याचीच वाट बघत होते. त्यांनी झाकण काढलं, डब्यातच चार घास खाल्ले, सगळ्या पन्न्या गोळा करून माझ्या हातात दिल्या आणि आत जाऊन पडल्या.