तिरफळाची बीअर

इकडे परदेशात, अवोन्डेलच्या हॉलमध्ये घरी केलेल्या बीअरची स्पर्धा भरायची, तेव्हा विचित्र जिन्नस घातलेल्या बीअरना परीक्षक कायम एकच. ईस्ट टामाकीत पंप विकायचे, पण मूळचे पुण्याचे, म्हणजे परीक्षक जन्मतःच. आधी स्पर्धकानं दिलेल्या चिठ्ठीवर जिन्नस कोणता ते वाचायचं, मग एकेका नाकपुडीनं ग्लास हुंगायचा, डोळे मिटायचे आणि चिठ्ठीतलंच नाव साक्षात्कार झाल्यासारखं उच्चारायचं. चिठ्ठी नसती तर या गृहस्थांना समुद्रात मीठ सापडलं नसतं.

मी मात्र पन्नाशीतली खुळी. त्यांचं बघून घरी वरणसुद्धा एका नाकपुडीनं हुंगायचे. "अगं, वरण आहे ते, जेव!" आमचे हे ओरडायचे.

एका वर्षी मीही बीअर केली, एअरपोर्टवर डिक्लेअर करून आणलेल्या तिरफळांची. परीक्षकांनी नुसतं 'वा' म्हणावं, एवढीच आस होती. त्यांनी हुंगलं, डोळे मिटले.

"वहिनी, हीप्स ऑफ तिरफळ! बांगड्याचं कालवणच की हे! जरा हात आखडा."

मार्क कापले. घरी येऊन पँट्री उघडली, तर तिरफळांची पुडी दोऱ्यासकट तशीच. बीअरमध्ये घालायचीच राहिली होती!

आमचे हे हसून लोळले. मी ठणकावलं, "ते उगाच नाही बोलायचे." आणि पुढच्या वर्षी बेतानं, चारच तिरफळं घातली.

"बघा वहिनी," ते डोळे मिटून म्हणाले, "कमी केलंत तर केवढा फरक पडला!"

मी चक्क लाजले.