पेटीच्या वर्गाची अट

मला कंपवात आहे हे कोणाला कळू नये म्हणून मी पेटी शिकतोय असं सगळ्यांना सांगत सुटलो. पेटी मी खरंच शिकत होतो. फक्त कारण विचारलं की 'लहानपणापासूनची आवड' असं सांगायचो. लहानपणी मला आवड फक्त गोट्यांची होती.

पेटीच्या वर्गाला मला डॉक्टरांनी पाठवलं. परळच्या एका सभागृहात शनिवारी सकाळी, हातापायांवरचा ताबा सुटत चाललेल्या माणसांसाठी हा वर्ग भरतो. ठेका कानात असला की हात पुष्कळदा ऐकतो, असं डॉक्टर म्हणाले. माझा डावा हात माझं ऐकेनासा झाला होता, तेव्हा भात्याचं ऐकतोय का बघू म्हटलं.

शिकवणाऱ्या बाई गिरगावातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या. दया हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "चपला बाहेर काढायच्या आणि तब्येतीच्या गप्पाही तिथेच ठेवायच्या." वर्गात एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. ते दारात आले की पाय जमिनीला चिकटल्यासारखे उभे राहतात. मग आम्ही सगळे तालात टाळ्या वाजवतो आणि ते रुबाबात आत येतात. नोकरीत त्यांच्या भाषणांनाही टाळ्या पडायच्या म्हणे, पण त्यांचा इतका उपयोग झाला नसावा.

माझं गणित सोपं होतं. भाता चालू असेपर्यंत डावा हात शहाणा. थांबला की मांडीवर पडून नुकत्याच काढलेल्या मासळीसारखा फडफडणार.

आम्ही लालबागचे. चाळ गेली, टॉवर आला. पूर्वी बातमी गॅलरीतून यायची ती आता लिफ्टमधून येते, एवढाच विकास. मुलीसाठी स्थळं बघणं चाललं होतं, म्हणून बायको म्हणाली, "तिचं ठरेपर्यंत गप्प बसा. लोक विचारतील, घराण्यात आहे का."

तिचं चुकत नव्हतं. आपल्याकडे आजारांनाही प्रतिष्ठा असते. डायबेटीस लोक चहा नाकारताना अभिमानाने सांगतात. ॲन्जिओप्लास्टी झालेल्या माणसाचा आवाज तर प्रमोशन मिळाल्यासारखा असतो. थरथरणाऱ्या हाताला मात्र बैठकीत जागा नाही. म्हणून मी हात खिशात घालून हिंडू लागलो. खाली वॉचमनने नमस्कार केला तरी मी हात बाहेर काढत नव्हतो, तेव्हा मी माजलोय असं सोसायटीत ठरलं. ते मला परवडलं.

मुलीलाही सांगितलं नाही. तिला उगाच टेन्शन नको, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगायचो. खरं तर तिच्या चेहऱ्याकडे बघून ते वाक्य उच्चारायची माझी हिंमत नव्हती. गोळ्या मी व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवल्या होत्या. "बाबा, तू फारच हेल्थ कॉन्शस झालायस हं," असं ती मला चिडवायची.

मग प्रभादेवीचं स्थळ आलं. पत्रिका जुळली. मुलगा-मुलगी लोअर परळला कॉफी प्यायला दोनदा भेटून आली होती आणि दुसऱ्या वेळेला आमची मुलगी गुणगुणत घरी आली, त्यावरून मी काय ते ओळखलं. राहिला होता फक्त रविवार सकाळचा पोह्यांचा कार्यक्रम. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील. बोलणं फ्लॅटच्या कार्पेट एरियापर्यंत येऊन अडकलं, तेव्हा शांतता भरून काढायला बायको बोलून गेली, "हे हल्ली पेटी शिकतायत."

मुलाचे वडील सरसावून बसले. ते दर्दी होते. दर्दी माणूस ओळखायचा कसा, तर गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याचे डोळे मिटतात.

"मग होऊन जाऊ द्या."

"अजून शिकतोय हो."

"बाबा, वाजव ना," मुलगी म्हणाली. तिला माझा अभिमान वाटत होता. मी पेटी पुढे ओढली.

बाईंनी बसवून घेतलेलं एकच भजन मला येत होतं, ते वाजवलं. हात छान चालला. भजन संपत आलं तेव्हा लक्षात आलं, की आता थांबलो तर संपलं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून धरलं. ते संपलं, पुन्हा धरलं. पोहे गार झाले. बायको खाकरली. मुलाची आई पंख्याची पाती मोजत असावी. मुलगा मोबाइलकडे चोरून बघत होता. डोळे मिटलेले त्याचे वडील तेवढे सुखात होते. शेवटी माझा खांदा भरून आला, भाता मंदावला, आणि शेवटच्या सुरावर हात थरथरला. सूरही थरथरला.

"आहाहा," दर्दी म्हणाले. "काय आंदोलन दिलंत. सूर असा झुलवणं शिकवून येत नाही."

"नाही, शिकवून नाही आलं," मी म्हणालो आणि हात पटकन मांडीखाली घातला.

वाचलो होतो. पण दर्दी माणसाचं तेवढ्यावर भागत नाही.

"क्लास कुठे आहे तुमचा? मी रिटायर झालोय, मलाही यायचंय."

"जागा नाही हो तिथे."

"कोपऱ्यात बसेन."

"फक्त शनिवारी असतो."

"शनिवारी मोकळाच असतो मी."

"बाई फार कडक आहेत."

"कडकच हव्यात. फोन नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी."

ते बाईंशी बोलले असते, तर बाईंनी पहिला प्रश्न आजाराचाच विचारला असता. मी म्हणालो, "तिथे प्रवेशाला एक अट आहे."

"कसली?"

"कंपवात असावा लागतो."

"असावा लागतो म्हणजे?"

"म्हणजे, मला आहे."

मुलाच्या आईने पोह्यांची बशी अलगद टीपॉयवर ठेवली. "पोहे छान झाले होते हं," असं माझ्या बायकोला सांत्वनाला आल्यासारख्या म्हणाल्या. दर्दींचे डोळे आता पूर्ण उघडे होते. मी मात्र मुलीकडे बघत होतो.

आठवड्याभरात फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. मधल्या काळात ग्रह हलले असावेत. तसं हलण्यावरून मी कोणाला बोलू शकत नाही.

मुलगा आपल्याला आवडलाच नव्हता, असं म्हणून मुलीने मला सोडवलं नाही. तो तिला आवडला होता. पण ती रडली ती त्याच्यासाठी नाही. फोन आला त्या रात्री जेवताना म्हणाली, "मला सांगायला तुला पाहुणे लागले, बाबा. मी त्यांच्यासोबत सोफ्यावर बसून ऐकलं."

बायको म्हणाली, "अगं, तुझ्यासाठीच..."

"आई, तू थांब. आणखी काय लपवलंयस, बाबा?"

मी व्हिटॅमिनच्या बाटलीचं सांगितलं. ऑफिसात सही जमत नाही तेही सांगितलं. ती जेवत नव्हती, नुसतं ऐकत होती. मग तिने विचारलं, "हे मला होऊ शकतं का?"

डॉक्टरांकडे मी इतक्या वेळा गेलो. आंबा चालेल का विचारलं, दाढी कशी करू विचारलं, गणपतीत आरतीला झांज वाजवू का हेही विचारलं. हा प्रश्न दर वेळी घरून घेऊन निघायचो आणि तसाच परत आणायचो. लोकांनी विचारू नये म्हणून एवढा आटापिटा केला, आणि मी स्वतःच विचारला नव्हता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "भीती वाटली विचारायची."

तिने ताट पुढे सारलं. मग म्हणाली, "अपॉइंटमेंट घे. मी विचारीन. तू फक्त बाजूला बस."