सव्वा मूठ गहू

आम्ही जुने मास्तर भेटलो की पेन्शनवरून सुरू झालेलं बोलणं दहा मिनिटांत नाना गुरुजींवर येतं. एकोणीसशे सत्तरच्या आसपास, शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेत ते हेडमास्तर होते आणि मी नवखा असिस्टंट. त्यांचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत की बायको म्हणते, "एखादा तुमचा स्वतःचा सांगा की." माझा एकही नाही हो!

*

शाळेत शेतकऱ्यांची मुलं, मारवाडी दुकानदाराची कमला आणि डोंगरातून कामाला उतरलेल्या पावरा आदिवासी कुटुंबातली रेली. हेडमास्तरांच्या हातात वर्षाला दोन-तीन सुट्ट्या असत. त्यातली एक नानांनी भोंगऱ्याला दिली, म्हणजे होळीआधीच्या पावरांच्या बाजाराला. शाळेशेजारच्या आक्का तणतणत आल्या, "एक पोरसाठे बठ्ठी शाळा बंद?"

"आपल्या दिवाळीला ती तीन आठवडे घरी बसली, आक्का," नाना म्हणाले. "तिनं काही विचारलं?"

आक्का गेल्या, पण पुटपुटतच.

*

हजेरी ज्यानं त्यानं आपल्या घरच्या बोलीत द्यायची, ही नानांची पद्धत. तपासणीला आलेले साहेब गोंधळले. "गुरुजी, हे काय चाललंय?"

"सगळी आलीत, साहेब. रोज येतात."

साहेबांनी शेरा लिहिला, 'उपस्थिती उत्तम'.

*

रेली फडक्यात भाकरी आणि कांदा आणायची. कमलाच्या जैन घरात कांदा वर्ज्य. एक दिवस फडक्यात नुसतीच भाकरी.

"कांदा कुठे गेला?" नानांनी विचारलं.

"वाटेतच खाल्ला, गुरुजी. कमलाजवळ बसायचंय."

नानांनी कमलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "वास येतो. पण गणितं हीच शिकवते."

*

जूनमध्ये रेलीचे आईवडील पेरणीसाठी डोंगरात परत निघाले. पोरगी तिसरीत पहिली आलेली. तीही गेली की शाळा सुटली, हे सगळ्यांना कळत होतं. नानांच्या एका खोलीत त्यांचीच चार मुलं. तिला कुणी ठेवून घ्यावं म्हणून त्यांनी गावातले उंबरठे झिजवले. मला फार वाईट वाटलं त्यांच्याकडे पाहून.

तिसऱ्या दिवशी आक्का शाळेत आल्या. "मना घर राही ती. ओसरीमा जागा शे."



*

श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी. आक्कांकडे घरातल्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेत, त्याचे नैवेद्याचे रोट करत. ते फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे, पाहुण्यालाही नाही. सगळे रोट खायला बसल्यावर रेलीनं कुठे बसायचं, या काळजीनं नाना तिला तेवढ्यापुरतं आपल्याकडे आणायला निघाले. मीही बरोबर गेलो.

आक्का सुपात गहू मोजत होत्या. समोर त्यांचे दीर, बोटांवर मोजत. "वयनी, आपण सात जण. आठवी मूठ कोनी?"

आक्कांनी मान वर केली नाही. "रेलीनी," म्हणाल्या आणि वरची पाव मूठ सुपात टाकली.