दुसऱ्या बटणापर्यंत

ही माझी बहीण. सख्खी, पाठची. आणि खोटं वाटत असेल तर कुणालाही विचारा, अख्ख्या बाजारात तिच्यासारखं माप घेणारं दुसरं माणूस नाही. मी शाळेत फार टिकलो नाही, पण हे सांगायला शाळा कशाला लागते? गिऱ्हाईक दारातून आत येतं तोवर तिने त्याची छाती ओळखलेली असते. टेप लावते ती नुसती खात्रीला. शर्ट शिवताना शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडते. "माणूस आज आहे तेवढाच उद्या राहत नाही," म्हणते.

तिचा नवरा लांब, पुलांच्या कामावर वेल्डर. लग्न झाल्या झाल्या त्याने मोटरसायकलला उंच हँडल बसवून घेतलं होतं. मुठी पार कानाच्या पातळीला. चालवताना असा दिसायचा, की कुणीतरी बंदूक रोखून 'हात वर कर' म्हणालंय. मी तसं म्हटलं की बहीण फणकारायची. "तुला जळायला काय होतंय, दादा? राजासारखे दिसतात ते." मागे बसून, त्याच्या काखेखालून रस्ता बघत ती सगळीकडे हिंडली. एवढा रस्ता दिसला तरी तिचं पोट भरायचं.

मग तो कामावर परांचीवरून पडला. उजवा खांदा गेला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. वेल्डिंग सुटलं, साहेबाने गेटवर रखवालीला बसवलं, आणि तो बसला तो बसलाच. घरी यायचं नाव काढेना. ती विचारायची, "सुट्टीचं काय झालं?" हा म्हणायचा, "बघतो." शिवणयंत्राशेजारी दोऱ्याच्या रिळांना फोन टेकवून ती रोज व्हिडिओवर त्याच्याशी बोलायची. फोन ठेवला तरी त्या रिळांकडेच बघत बसायची. सुई चालायची, आणि बाई तिथे नसायची. मला काय दिसत नाही? माझं दुकान समोरच आहे.

एके दिवशी तो फोनवर म्हणाला, "रविवारी सकाळी एकजण गाडी बघायला येईल. पसंत पडली तर देऊन टाक."

"विकताय?"

"हात वर जात नाही, मग गाडी उभी ठेवून काय लोणचं घालायचंय तिचं?"

दुसरी एखादी रडली असती, नाहीतर भांडली असती. माझी बहीण म्हणाली, "अहो, तो मागच्या खिळ्यावरचा टॉवेल दाखवा बघू. मळलाय वाटतं."

सवयीने त्याचा उजवा हात उठला. कोपर शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. मग त्याने डाव्या हाताने टॉवेल काढला, दाखवला. तो शर्ट तिनेच शिवलेला. त्याच मापाचा दुसरा घरात, कपाटात. माप मिळालं.

फोन ठेवून ती थेट माझ्या दुकानात. "दादा, गाडीचं हँडल बदलायचंय. खालचं टाकायचं."

"अगं, गाडी विकायला निघालेत ना ते?"

"म्हणूनच."

एवढं म्हणून ती टेप आणायला वळली. पण मी थोरला आहे, मला कळलं. गाडी गेली, की मेव्हणा तिकडेच मुरला. परत यायला त्याला इकडे काही उरत नव्हतं, असं त्याला वाटत होतं. आपण उरलोय, हे ती तोंडाने सांगणारी नव्हे.

शनिवारी आम्ही गाडी ढकलत गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला सगळे पक्कड म्हणतात. एकदा धरलं की गिऱ्हाईक सोडत नाही म्हणून. त्याने तीन हँडलं पुढे टाकली. बहिणीने मला मेव्हण्याचा शर्ट चढवायला लावला, कोपर दुसऱ्या बटणाच्या वर जाऊ नये असा उजवा दंड टेपने बांधला आणि गाडीवर बसवलं.

"अहो ताई, हे माप घेताय का वरात काढताय?" पक्कड म्हणाला.

"तू हँडल धर. दादा, पोट आत घे. तुझं पोट मापात येतंय."

"हे पोट नाही, ही ताकद आहे."

"मग ताकद आत घे."

पहिलं हँडल शर्यतीच्या गाडीचं, फारच खाली. मी वाकलो आणि सगळं वजन मनगटावर आलं. "नको, खांदा ठणकेल," ती म्हणाली. दुसरं सरळ दांड्यासारखं. मूठ गाठायला हात ताणावा लागत होता. तिसरं जरासं उचललेलं, मुठी मागे, मांडीकडे वळलेल्या. त्यावर हात ठेवला आणि कोपर आपोआप दुसऱ्या बटणाच्या खाली पडलं. तिने मला डोळे मिटायला लावले, हात सोडून पुन्हा ठेवायला लावले. पुन्हा तिथेच.

"हे," ती म्हणाली.

पक्कडने जुनं उतरवलं, नवं क्लॅम्पमध्ये बसवून बोल्ट हातानेच फिरवले. मी ऐटीत हँडल पुरतं डावीकडे वळवलं, तर मूठ टाकीवर आणि मधे माझा अंगठा. मी बोंबललो.

"ओरडू नकोस दादा, टाकीला पोचा आलाय का बघ आधी."

मुठी केसभर वर घेतल्या. पुन्हा दोन्हीकडे वळवून बघितलं. बसलं, तिथे तिने कपड्यावर मारतात तशी खडूची रेघ मारली. मग पक्कडने बोल्ट आवळले.

राहिल्या केबली. हँडल खाली आलं, आणि क्लचची, एक्सलेटरची केबल दिव्याच्या पुढे कमानीसारखी फुगली.

"आखूड घालतो," पक्कड म्हणाला. "हे गबाळं दिसतंय."

"नको. कुठे अडकणार नाही अशा बांध, पण असू देत."

"अहो, पण का?"

"असू देत म्हटलं ना." जुनं हँडल तिने फडक्यात गुंडाळलं आणि घरी नेऊन कपाटावर ठेवलं.

मेव्हण्याला कळवलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाला असता. संध्याकाळी ती गाडीवर मागच्या बाजूला बसली, एकटीच, अंगणात, उभ्या गाडीवर. पुढे आता मोकळंच होतं. काखेखालून बघायला काही उरलं नव्हतं. ती आपली समोर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक आलं. ताडमाड माणूस. बसला तर गुडघे मुठींना लागले. त्याने चिडून तिथूनच मेव्हण्याला फोन लावला, आवाज मोठा करून. "काय हो, तुम्ही उंच हँडल म्हणाला होतात! हे कुणाच्या मापाचं बसवलंय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हॅलो? इथे एक बाई आहेत, गळ्यात टेप आहे."

"त्यांना द्या."

तिने फोन घेतला. "हं."

"किती खाली घेतलंस?"

"दुसऱ्या बटणापर्यंत."

"तो टॉवेल..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "केबली कापल्यास?"

"नाही. हात सुधारला की पुन्हा वर घेऊ."

मग त्याने गिऱ्हाइकाला फोन द्यायला सांगितलं. त्या माणसाने ऐकलं, हेल्मेट काखेत मारलं आणि माझ्याकडे वळला. "विकायची नाही म्हणे. इतक्या लांबून आलो, आता चहा तरी पाजा."

चहा मीच टाकला. ती गाडीपाशी उभी होती, आणि बाहीने खडूची रेघ पुसत नव्हती, नुसतीच तिच्यावर बोट ठेवून होती.