सरकलो रं, सरकलो

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये मी फिटर. वाफ कुठून गळते ते सापडेपर्यंत घरी जायचं नाही, असा माझा स्वभाव. पण ही एक गोष्ट मला आजवर सापडलेली नाही... म्हणून लिहितोय.

जर्मनशी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. रेल्वेच्या चाळीत आम्हाला एकच खोली होती. जेवायला ओळीनं पाट मांडले तर चार मावायचे, पाचवा भिंतीला लागायचा. त्यात मी, बायको सरू, थोरली मुलगी आणि आई गेल्यावर बेडशाहून आमच्याकडे आलेले माझे वडील – आबा.

तरी संसार नीट चालायचा तो आबांमुळेच. अंथरुणं दिवसा वाशाला टांगायची, ट्रंकेवर घोंगडी टाकून तिचीच बैठक करायची, बाज बाहेर उभी करायची – सगळं त्यांनी बसवून दिलेलं. आणि कुणी आत पाऊल टाकलं की भिंतीकडे अंग चोरत म्हणायचे, "सरकलो रं, सरकलो!"

सरू भाकरी थापता थापता हसायची. "आबा, मांजर आलंय वो."

"मग त्याला बी जागा नगं व्हय?"

पुढे सरूला दिवस गेले. पाळणा कुठं टांगायचा या विवंचनेत मी एका दुपारी शेडमधून वैतागून आलो. आबा सवयीनं म्हणाले, "सरकलो रं."

मी म्हणालो, "आता आनखी कुटं सरकणार, आबा? पुढं भिंत हाय."

आबा हसले. वर हात घालून वासा चाचपला. "पाळणा हितं टांग. वजन घेतंय."

शिमगा झाल्यावर "जरा रान बघून येतो" म्हणून बेडशाला गेले, ते परत आलेच नाहीत. ज्येष्ठात तिथंच वारले. सरूला वाटतं, गावाच्या ओढीनं गेले. त्या दुपारी ती पाण्याला गेली होती, माझं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही.

श्रावणात मुलाचं बारसं होतं. पंगत अंगणात ठरलेली, तर पावसानं झोडपायला सुरुवात केली. भावकीतले, चाळीतले, सगळे आत घुसले. शेजारच्या फातिमामावशी दारातच थांबल्या.

"आत मुंगी तरी शिरंल का, सरू? मी हितंच बरी."

"या वो मावशी, व्हईल जागा."

आणि झाली! मी पाट मांडत गेलो. चौथा, पाचवा, सहावा... शेजाऱ्यांकडून आणलेलेही मांडले. पाट संपले, भिंत आली नाही. सगळी पंगत एका ओळीत बसली आणि कुणाचा गुडघा कुणाला लागला नाही.

"अगं, खोली हाय का धरमशाळा?" ऐसपैस मांडी घालून मावशी म्हणाल्या.

मी भात वाढत शेवटच्या पाटापर्यंत गेलो. तिथं भिंतीकडं आबांची बसायची जागा. कानाशी, अगदी हलक्या आवाजात, हसत कुणीतरी म्हणालं...

"सरकलो रं, सरकलो."

हातातलं पातेलं तसंच राहिलं. सरूनं विचारलं, "काय झालं?" म्हणालो, "काही न्हाई."

पाहुणे गेल्यावर पाट पुन्हा मांडले. चार. पाचवा खटकन भिंतीला लागला. सरू म्हणाली, "दाटीवाटीनं बसली असतील." असेलही... पण पाट तर मीच मांडले होते.

आबा माझ्या बोलण्यानं दुखावून गेले, की पाळण्याला जागा करून द्यायला गेले? ठाऊक नाही. बारशाच्या दिवशी जागा कशी झाली, याचं स्पष्टीकरणही माझ्याकडे नाही. आता आम्हाला दोन खोल्या आहेत. तरी जेवताना मी भिंतीकडची हातभर जागा सोडूनच बसतो. सरू रोज कुरकुरते, "एवढी जागा पडलीय तिकडं, मला का रेटताय?"

आज हे तिला वाचून दाखवणार आहे.