प्रिंटरवर चिकटवलेलं लेबल

इंदापूरला स्टँडमागं एक बाई कॉम्प्युटर दुरुस्त करायची. नाव मी विचारलं नाही. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घातली, आणि तेव्हापासून लेबलं छापायचा प्रिंटर गप्प झाला. लेबलाशिवाय माझी शेंगदाणा चटणी दुकानदार घेईनात.

प्रिंटर मांडीवर आणि कॉम्प्युटरचा डबा पायाशी घेऊन मी बावड्याहून एसटीनं गेले. "तुझ्यामुळं धंदा बसला," मी म्हणाले.

"आजी, प्रिंटर चालवायला ड्रायव्हर लागतो, एक प्रोग्राम. कंपनीनं तो लिनक्ससाठी केलाच न्हाय. नवा प्रिंटर घ्या म्हणत्यात."

"मग घेऊ?"

"का म्हणून? ह्यो मेलाय व्हय?"

तिनं चष्मा कपाळावर चढवला. कुणीतरी इंटरनेटवर असल्याच प्रिंटरसाठी लिहून ठेवलेला ड्रायव्हर शोधला आणि त्यातल्या ओळी बदलत बसली. दर वेळी प्रिंटरवर तळहात ठेवून तो हलतो का बघायची. दुपार गेली, तिचा चहा तसाच राहिला. मी चारदा म्हणाले, "राहू दे." तिनं मान वर केली नाही.

शेवटी लेबल निघालं, तिरकं. दुसरं सरळ आलं. तिरकं तिनं प्रिंटरवरच्या कंपनीच्या नावावर दाबून चिकटवलं.

"आता ह्यो तुमचा."

ते लेबल मी अजून काढलेलं नाही.